पोलराइज्ड प्रकाश देणारी द्रवस्फटिक उपकरणं: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की द्रवस्फटिकांवरचे प्रश्न सुरू होतात. शाळेतली मुलं विचारतात, अभियांत्रिकीची मुलं प्रोजेक्टसाठी विचारतात, नवी पेठेत मोबाईल दुरुस्त करणारे विचारतात. एखादा यंत्रमागवालाही विचारतो, आणि त्याचा प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात चांगला असतो. निम्मे प्रश्न एकाच समजुतीतून येतात: पडद्यातून पोलराइज्ड प्रकाश येतो, म्हणजे तो द्रवस्फटिकातूनच निघत असणार. तिथूनच सुरुवात करू.

एलसीडीतून येणारा प्रकाश पोलराइज्डच असतो ना? मग या उपकरणांत वेगळं काय?

असतो, पण तो गाळलेला असतो. एलसीडीतला द्रवस्फटिक स्वतः अजिबात उजळत नाही. प्रकाश देतात मागच्या एलईडी. त्यांच्यापुढं पोलरायझरची पातळ फिल्म असते: ताणलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पापुद्र्यात आयोडीन मुरवलेलं. एडविन लँड यांनी १९३८ मध्ये ही युक्ती काढली आणि आजही बहुतेक पडद्यांत तीच चालते. ही फिल्म एका दिशेचा प्रकाश शोषते, दुसऱ्या दिशेचा सोडते. अगदी आदर्श फिल्म घेतली तरी निम्मा प्रकाश तिथंच गेला. प्रत्यक्षात ४० ते ४५ टक्केच पुढं सरकतो. त्यानंतर रंगीत फिल्टर उरलेल्यातला दोन तृतीयांश खातात. पुढची पोलरायझर फिल्म, काचा, तारांचं जाळं या सगळ्यांतून जाता जाता मागच्या दिव्याचा साधारण ५ ते १० टक्के प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत येतो. बाकीच्याची उष्णता होते. तुमची बॅटरी तिकडं जाते.

या पानावरच्या उपकरणांत प्रकाश नंतर गाळायचा नसतो. प्रकाश देणारे रेणूच आधी एका दिशेनं लावून ठेवायचे, म्हणजे बाहेर पडतानाच प्रकाश पोलराइज्ड असेल. विचार साधा आहे. तो बाजारात का पोचला नाही, हे सांगायला मात्र पानाचा बराच भाग लागणार आहे.

पोलराइज्ड म्हणजे नेमकं काय?

प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लाट. बल्बच्या किंवा सूर्याच्या प्रकाशात विद्युत क्षेत्राच्या हेलकाव्याची दिशा सतत आणि वाट्टेल तशी बदलत असते. ती एकाच दिशेत राहिली तर प्रकाश रेषीय पोलराइज्ड. ती दिशा ठराविक गतीनं गोल फिरत पुढं गेली तर वर्तुळाकार पोलराइज्ड, आणि त्याचे दोन प्रकार: उजवा आणि डावा. एवढं पुरे.

द्रवस्फटिक द्रव असतो की स्फटिक?

दोन्हींच्या मधली अवस्था. १८८८ मध्ये प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंशांना वितळून गढूळ होताना दिसलं आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा ‘वितळून’ स्वच्छ होताना दिसलं. एका पदार्थाचे दोन वितळणबिंदू. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑटो लेहमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो गढूळ द्रव तपासला, तेव्हा तो स्फटिकासारखा वागत होता.

यातला सगळ्यात साधा प्रकार नेमॅटिक. मागावर चढवलेला ताणा डोळ्यांसमोर आणा: सगळे धागे एका दिशेनं, पण एकमेकांना बांधलेले नाहीत, मागं-पुढं सरकू शकतात. नेमॅटिकमधले लांबट रेणू तसेच असतात. दिशा सांभाळतात, जागा सांभाळत नाहीत. त्यामुळं ते वाहतातही आणि शिस्तही ठेवतात.

दुसरा प्रकार कोलेस्टेरिक. यात रेणू कायरल असतात, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखे, आरशातल्या आपल्या प्रतिमेशी न जुळणारे. त्यामुळं जसजसं आत जावं तसतशी रेणूंची दिशा थोडी थोडी वळत जाते आणि ठराविक अंतरानं पूर्ण फेरा होतो. त्या अंतराला पिच म्हणतात. पुढं ते लागणार आहे.

रेणूंची रांग लावली की प्रकाश आपोआप पोलराइज्ड कसा होतो?

लांबट, प्रकाश देणारा रेणू उत्तेजित झाला की त्यातला विद्युतभार बहुधा रेणूच्या लांबीच्या दिशेनं हेलकावतो. त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचं विद्युत क्षेत्र त्याच दिशेत असतं. म्हणजे एकटा रेणू पोलराइज्ड प्रकाशच देतो! नेहमीच्या दिव्यात असे असंख्य रेणू वाट्टेल तशा दिशांना पडलेले असतात, म्हणून एकूण बेरीज अपोलराइज्ड होते. घोळ गर्दीचा आहे. गर्दी रांगेत लावली की काम झालं.

किती झालं, हे मोजायला दोन आकडे वापरतात. पहिला: रांगेच्या दिशेचा प्रकाश भागिले आडव्या दिशेचा प्रकाश, म्हणजे पोलरायझेशनचं गुणोत्तर. दुसरा: रेणूंची शिस्त किती, हे ० ते १ मध्ये सांगणारा क्रम-गुणांक. गुणोत्तरातून १ वजा करा आणि त्याला गुणोत्तर अधिक २ नं भागा, की क्रम-गुणांकाचा अंदाज येतो. गुणोत्तर १ असेल तर क्रम शून्य. १० असेल तर ०.७५. २५ असेल तर ०.८९. शेवटच्या टप्प्यावर क्रम थोडासा वाढवला तरी गुणोत्तर झपाट्यानं वाढतं, आणि तो थोडासा मिळवतानाच घाम निघतो.

इतिहासही याच आकड्यांतून दिसतो. सेंद्रिय पदार्थांचा पातळ थरांचा एलईडी, म्हणजे ओएलईडी, कोडॅकच्या टँग आणि व्हॅनस्लाइक यांनी १९८७ मध्ये दाखवला. पॉलिमरचा एलईडी केंब्रिजमधून १९९० मध्ये आला. १९९५ मध्ये स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या गटानं पॉलिथायोफिनची फिल्म चक्क ताणून पोलराइज्ड एलईडी केला. गुणोत्तर जेमतेम अडीचच्या आसपास. मग पॉलिफ्लोरिन नावाचा निळा प्रकाश देणारा पॉलिमर आला. तो तापवल्यावर स्वतःच नेमॅटिक द्रवस्फटिक होतो. तापवून रांग लावायची आणि झटकन थंड करायचं, की रांग काचेसारखी गोठून राहते. २००० सालापर्यंत या मार्गानं गुणोत्तर २५ वर गेलं. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात मेरी ओ’नील आणि स्टीफन केली यांनी वेगळी वाट धरली: लहान रेणूंचा द्रवस्फटिक रांगेत लावायचा आणि अतिनील प्रकाशानं रेणू एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे. मला ही वाट जास्त आवडते. जोडलेला थर विरघळत नाही, त्यामुळं त्याच्यावर पुढचा थर बिनधास्त ओतता येतो.

रांग लावतात कशानं? आमच्या टॉवेलनं लागेल का?

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून आलेला हा प्रश्न. हसण्यावारी नेण्यासारखा तो अजिबात नाही, कारण खरोखरच कापडानं लावतात.

काचेवर पॉलिइमाइडचा अतिपातळ थर द्यायचा, तो भाजून घट्ट करायचा आणि मखमली कापड गुंडाळलेला रूळ त्यावरून एकाच दिशेनं फिरवायचा. बस. काच कागदावर घासली तर द्रवस्फटिक त्या दिशेनं ओळीत बसतो, हे फ्रान्सच्या मोगँ यांनी १९११ मध्येच नोंदवलं होतं. आधी वाटायचं की घासल्यानं बारीक चर पडतात आणि रेणू त्यात झोपतात. १९७२ मध्ये बेरेमन यांनी त्याचं गणितही मांडलं. पुढं लक्षात आलं की पॉलिइमाइडवर मोठं काम वेगळंच होतं: घासण्यानं थराच्या पृष्ठभागावरच्या पॉलिमर साखळ्या ताणल्या जातात, आणि द्रवस्फटिकाचे रेणू त्या साखळ्यांना धरून बसतात. अब्जावधी रुपयांचा पडद्यांचा धंदा कित्येक दशकं कापडाच्या रुळावर चालला, हे सोलापुरात तरी अभिमानानं सांगायला हरकत नाही.

आता टॉवेल. आपल्या टर्किश टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण या कामाला तो चालणार नाही. टॉवेलवर सुताचे न कापलेले फासे असतात. त्यांना ठराविक कल नसतो, आणि धूळ-तंतू सुटतात ते वेगळेच. मखमलीचे तंतू कापलेले, आखूड, सारख्या उंचीचे आणि एका बाजूला कललेले असतात. कारखान्यात त्यासाठी रेयॉन किंवा सुती मखमल ठराविक विणीची लागते. रूळ किती दाबायचा, किती फेऱ्यांनी फिरवायचा, काच किती वेगानं सरकवायची, सगळं ठरलेलं.

कापडाची दोन दुखणी मात्र कधी सुटली नाहीत: धूळ आणि स्थिर विद्युत. पातळ ट्रान्झिस्टर असलेल्या काचेवर ठिणगी पडली की पडदा भंगारात. म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून कापडाऐवजी प्रकाशानंच रांग लावण्याची पद्धत विकसित झाली. पोलराइज्ड अतिनील प्रकाश टाकला की पृष्ठभागावरचे ठराविक दिशेचे रेणूच रासायनिक क्रिया करतात आणि दिशा तयार होते. गिबन्स, शाट, चिग्रिनोव्ह ही नावं त्यासाठी घेतली जातात. हलच्या गटानंही आपल्या उपकरणांत हीच पद्धत वापरली.

प्रकाश देणाऱ्या उपकरणात एक जादा अडचण आहे. पॉलिइमाइड विजेचा रोधक आहे. एलसीडीत त्याचं काही बिघडत नाही, कारण तिथं थरांतून प्रवाह न्यायचाच नसतो. एलईडीत मात्र प्रवाह त्याच थरातून आत गेला पाहिजे. म्हणून एकतर त्यात वीजवाहक पदार्थ मिसळावा लागतो, नाहीतर वीजवाहक पॉलिमरचा थरच घासावा लागतो.

मे महिन्यात इथं ४२-४३ अंश होतात. द्रवस्फटिक टिकेल का?

कोणता, यावर आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळांत बहुधा ५सीबी नावाचा द्रवस्फटिक असतो. हल विद्यापीठातच जॉर्ज ग्रे यांच्या गटानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो बनवला, आणि घड्याळ-कॅल्क्युलेटरचे पडदे शक्य झाले ते या कुटुंबातल्या रेणूंमुळं. पण एकटा ५सीबी साधारण ३५ अंशांपर्यंतच नेमॅटिक राहतो. म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात, पंख्याखालच्या टेबलावर, दुपारी तो नुसता स्वच्छ द्रव असतो. प्रात्यक्षिक सकाळी चाललं आणि दुपारी चाललं नाही, असं झालं तर सेलला, म्हणजे दोन काचांमध्ये द्रवस्फटिक भरून केलेल्या जोडणीला, दोष देण्याआधी थर्मामीटर बघा. ज्यात ५सीबी मुख्य घटक आहे ते ई७ मिश्रण ६० अंशांच्या जवळपास तग धरतं. मोटारीच्या डॅशबोर्डसाठीची मिश्रणं त्याच्याही बरीच वर जातात.

पॉलिफ्लोरिनसारख्या प्रकाश देणाऱ्या पॉलिमरची गोष्ट निराळी. तो सुमारे १६० अंशांच्या वर द्रवस्फटिक होतो आणि वापरताना गोठलेला असतो. आपल्या उन्हाचं त्याला काही वाटत नाही. त्याचे खरे शत्रू हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा.

कोलेस्टेरिकचं काय वैशिष्ट्य?

त्याला पोलरायझरची गरजच नसते, तो स्वतःच एक निवडक आरसा असतो. पिचला सरासरी वक्रीभवनांकानं गुणलं की कोणती तरंगलांबी परावर्तित होईल ते मिळतं. पिच ३४० नॅनोमीटर आणि वक्रीभवनांक १.६ धरला तर ५४४ नॅनोमीटर, म्हणजे हिरवा. त्या हिरव्यातला फेऱ्याच्या हाताचा, म्हणजे फेरा ज्या बाजूला वळतो त्याच बाजूचा, वर्तुळाकार प्रकाश परत फिरतो, उलट हाताचा आरपार जातो. दोन दिशांच्या वक्रीभवनांकांतला फरक ०.२ असेल तर हा पट्टा ०.२ गुणिले ३४०, म्हणजे ६८ नॅनोमीटर रुंद. सगळा दृश्य प्रकाश झाकायला तो अपुरा. नेदरलँड्समधल्या डर्क ब्रूर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये थराच्या जाडीत पिच हळूहळू बदलत नेऊन रुंद पट्ट्याचा परावर्तक बनवला. एलसीडीत तो बॅकलाइटच्या, म्हणजे मागच्या दिव्यांच्या, पुढं ठेवला की परत फिरलेला प्रकाश शोषला न जाता बॅकलाइटमध्ये जातो, तिथं त्याचं पोलरायझेशन बदलतं आणि तो पुन्हा पुढं येतो. मला हा मार्ग फार हुशारीचा वाटतो. प्रकाश फेकून द्यायचा नाही, पुन्हा रांगेत उभा करायचा.

द्रवस्फटिकाचा लेझर असतो म्हणे. खरं आहे?

खरं आहे, आणि या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

नेहमीच्या लेझरला दोन आरसे लागतात, मध्ये प्रकाश वाढवणारं माध्यम. कोलेस्टेरिकमध्ये चमकणारा रंग विरघळवला तर वेगळे आरसे लागत नाहीत, फेरेच आरशाचं काम करतात. परावर्तनाच्या पट्ट्याच्या आत, फेऱ्याच्या हाताचा प्रकाश रंगातून नीट बाहेरच पडू शकत नाही. पट्ट्याच्या अगदी कडेला मात्र प्रकाशाचा वेग खूप मंदावतो, तो थरात रेंगाळतो, पुन्हा पुन्हा रंगाच्या रेणूंमधून जातो आणि वाढत राहतो. तिथं लेझर सुरू होतो. बाहेर येणारा प्रकाश वर्तुळाकार पोलराइज्ड असतो, हात फेऱ्याचाच. १९८० मध्ये इल्चिशिन आणि सहकाऱ्यांनी अशा लेझरची नोंद केली. पट्ट्याच्या कडेचं हे कारण १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉप, जेनॅक आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट केलं. थराची जाडी काही दशक मायक्रोमीटर. दोन काचा, मध्ये थेंबभर मिश्रण, की लेझर तयार.

तापमानानं पिच बदलतं, म्हणून लेझरचा रंगही सरकतो. रंग हवा तसा बदलता येतो म्हणून हा गुण, रंग स्थिर हवा असेल तर अवगुण. शिवाय तो चालवायला दुसरा स्पंद देणारा लेझर लागतो. विजेचं बटण दाबून चालणारा द्रवस्फटिक लेझर दुकानात मागायला जाऊ नका.

उन्हात मोबाईल दिसत नाही. याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. दुपारी पार्क चौकात उभं राहून ओएलईडी मोबाईल बघा. त्याच्या आत धातूचा चकचकीत इलेक्ट्रोड असतो, उघडा ठेवला तर पडदा आरशासारखा दिसेल. म्हणून त्यावर रेषीय पोलरायझर आणि त्याखाली पाव-तरंग फिल्म अशी जोडी चिकटवतात. बाहेरचा प्रकाश आत शिरताना वर्तुळाकार होतो, समजा उजवा. धातूवर आपटून परतताना तो डावा होतो. परत पाव-तरंग फिल्ममधून येताना रेषीय होतो, पण ९० अंश फिरलेला, आणि पोलरायझर त्याला अडवतो. ऊन आत गेलं, बाहेर आलं नाही.

हे घरी पाहता येतं. बिनबॅटरीचा, हलका थ्रीडी सिनेमाचा चष्मा डोळ्यांवर चढवा, आरशासमोर उभं राहा आणि एक डोळा मिटा. वर्तुळाकार प्रकारचा चष्मा असेल तर उघड्या डोळ्यावरची काच आरशात काळी दिसेल आणि मिटलेला डोळा स्वच्छ दिसेल. मुलांना हे आधी उलटं वाटतं. आरसा हात बदलतो, एवढंच कारण. चष्मा रेषीय प्रकारचा असेल तर याच्या उलट.

आता किंमत मोजा. हीच फिल्मची जोडी मोबाईलचा स्वतःचा अपोलराइज्ड प्रकाशही निम्मा अडवते. ओएलईडीनं मुळातच योग्य हाताचा वर्तुळाकार प्रकाश दिला, तर तो फिल्ममधून जवळजवळ सगळा बाहेर येईल. तेवढ्याच उजेडाला निम्मी वीज. संशोधक वर्तुळाकार ओएलईडीच्या मागं लागले आहेत त्याचं सगळ्यात व्यवहारी कारण हे.

मग अजून बाजारात का नाही?

वर्तुळाकार प्रकाशासाठी एक आकडा वापरतात, त्याला जी-गुणांक म्हणतात. तो उणे २ ते अधिक २ असतो. शून्य म्हणजे डावा-उजवा सारखा, २ म्हणजे पूर्ण एकाच हाताचा. ०.२ म्हणजे प्रकाशाची वाटणी ५५ आणि ४५. मोबाईलच्या फिल्ममधून मग ५० ऐवजी ५५ टक्के जाईल. त्यासाठी कोणी कारखाना बदलेल का? १ म्हणजे ७५ आणि २५, तिथून गंमत सुरू होते.

१९९७ मध्ये आइंडहोव्हेनच्या मायर यांच्या गटानं पहिला वर्तुळाकार पॉलिमर एलईडी दाखवला, तेव्हा जी हजारात एक-दोन इतका बारीक होता. २०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात फुक्टर आणि कॅम्पबेल यांच्या गटानं साध्या पॉलिमरमध्ये हेलिसीन नावाचा कायरल रेणू मिसळून तो ०.२ पर्यंत नेला. २०१५ मध्ये इटलीतल्या गटानं युरोपियमच्या संयुगातून ०.८ च्या आसपास मिळवला, पण उपकरणाची कार्यक्षमता अगदीच नगण्य होती. २०२५ मध्ये केंब्रिज आणि आइंडहोव्हेननं मिळून ट्रायअझाट्रूक्सीनचे रेणू स्वतःहून पिळदार चवडीत रचून हिरवा प्रकाश मिळवला: कार्यक्षमता १६ टक्क्यांपर्यंत, डाव्या-उजव्यातला असमतोल १० टक्के.

आकडे असे आलटून पालटून का वाढतात? कारणं भौतिकशास्त्रातलीच आहेत. ओएलईडीचा प्रकाश देणारा थर साधारण १०० नॅनोमीटर, आणि कोलेस्टेरिकचं पिच तीन-साडेतीनशे. म्हणजे थरात एक पूर्ण फेराही मावत नाही. थर जाड केला तर व्होल्टेज वाढतं. दुसरं, मागं निघालेला प्रकाश धातूच्या इलेक्ट्रोडवर आपटून पुढं येतो आणि येताना हात बदलतो. उजव्यात डावा मिसळतो आणि मिळवलेलं गमावलं जातं. मोबाईलमध्ये ऊन अडवायला मदत करणारा नियमच इथं आडवा येतो.

कोणी ‘विक्रमी जी-गुणांक’ अशी बातमी पाठवली, तर मी तीन गोष्टी शोधतो: त्याच उपकरणाची कार्यक्षमता किती, ते किती तास चाललं, आणि आकडा विजेवर चालवून मोजलाय की बाहेरून प्रकाश टाकून. बाहेरून प्रकाश टाकून मोजलेला आकडा दिव्याचा नसतो, पदार्थाचा असतो. बहुतेक बातम्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतात.

गॉगल लावला की मोबाईल काळा पडतो. म्हणजे माझा ओएलईडी पोलराइज्ड प्रकाश देतो का?

नाही. वर सांगितलेली वरची फिल्म तो पोलराइज्ड करते. तिची दिशा आणि गॉगलची दिशा काटकोनात आली की काळोख. काही कंपन्या वर आणखी एक फिल्म लावून हा त्रास टाळतात.

टीव्हीची जुनी पोलरायझर शीट काढून टाकली तर पडदा जास्त उजळ होईल ना?

होईल, फक्त चित्र दिसणार नाही. पांढरा पडदा राहील. एलसीडीतला द्रवस्फटिक चित्रानुसार ठिकठिकाणी प्रकाशाच्या पोलरायझेशनची दिशा वळवतो, पण दिशा वळलेला आणि न वळलेला प्रकाश वेगळा करणारं तिथं कोणी उरत नाही. बॅकलाइटच पोलराइज्ड असेल तर मागची शीट वाचेल, पुढची तरी लागेलच. असा बॅकलाइट करायला क्वांटम रॉड वापरतात: नॅनोमीटरच्या मापाच्या अर्धवाहक कांड्या, ज्या लांबीच्या दिशेनं पोलराइज्ड प्रकाश देतात. २००१ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या अशा कांड्यांवर हे दाखवलं गेलं. त्या द्रवस्फटिकात टाकल्या की त्याच्यासोबत ओळीत बसतात. कॅडमियम विषारी आहे, ही त्यातली अडचण.

अशा प्रकाशानं डोळ्यांना त्रास होतो का?

पोलराइज्ड असल्यामुळं नाही. निरभ्र आकाशाचा निळा प्रकाशही बऱ्यापैकी पोलराइज्ड असतो, आणि मधमाश्या त्यावरूनच दिशा ओळखतात. आपल्यालाही तो किंचित दिसतो. एलसीडीवर कोरं पांढरं पान उघडा, मध्यभागी बघत मान हळूच डावी-उजवीकडं कलवा. मध्यावर एक फिकट पिवळसर डमरू फिरताना दिसेल. हायडिंगर यांनी १८४४ मध्ये हे नोंदवलं. कोणाला लगेच दिसतं, कोणाला सवयीनं.

निसर्गात असं काही आहे?

आहे. काही सोनेरी-हिरव्या भुंग्यांच्या कवचाची रचना कोलेस्टेरिकसारखी पिळदार असते आणि ते डावा वर्तुळाकार प्रकाश परावर्तित करतात. मायकेलसन यांनी १९११ मध्ये हे पाहिलं. ‘परावर्तित’ हा शब्द लक्षात ठेवा, भुंगा प्रकाश देत नाही. काजव्यांच्या काही अमेरिकी जातींच्या अळ्यांच्या प्रकाशात मात्र डाव्या-उजव्याचा बारीकसा फरक १९८० मध्ये मोजला गेला.

हायवेवर समोरच्या हेडलाइटचा त्रास यानं जाईल?

पुणे रस्त्यावर रात्री गाडी चालवणारे हे हमखास विचारतात. लँड यांचा मूळ हेतू नेमका हाच होता. सगळ्या गाड्यांचे दिवे आणि चालकासमोरचा पोलरायझर ४५ अंशांत, एकाच बाजूला कललेले ठेवायचे. समोरून येणाऱ्या गाडीचा कल उलटा पडतो आणि तिचा झगझगाट अडतो. पण सगळ्या गाड्यांनी एकदम बदलायला हवं, आणि निम्मा उजेड वाया. प्रकाश मुळातच पोलराइज्ड मिळाला तर दुसरी अडचण सुटेल. पहिली कोणत्याही प्रयोगशाळेत सुटणारी नाही.

प्रदर्शनासाठी आम्ही काय करू शकतो?

प्रकाश देणारं उपकरण शाळेत करू नका. पारदर्शक वीजवाहक थराची काच, निर्वातात धातूचा थर देणारं यंत्र, ऑक्सिजनविरहित पेटी हे सगळं लागतं. त्याऐवजी तत्त्व दाखवा. लॅपटॉपचा पांढरा एलसीडी पडदा हा तयार पोलराइज्ड स्रोत आहे. दुरुस्तीच्या दुकानातून पोलरायझर शीटचा तुकडा आणा. मध्ये प्लास्टिकची पट्टी धरली की ताणाचे रंग दिसतात, पारदर्शक चिकटपट्टीचे थर एकावर एक लावले की वेगवेगळे रंग. थ्रीडी चष्म्याचा आरशातला प्रयोग त्याच्या शेजारी मांडा, पाहणारे तिथं थांबतील.

महाविद्यालयात ५सीबी असेल तर स्लाइडवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर द्या, सुकवा, मखमलीच्या कापडानं एकाच दिशेनं घासा, थेंब ठेवून वर दुसरी घासलेली काच ठेवा. पोलरायझरखाली फिरवताना सेल सारखा उजळ-काळा होतो का ते बघा. डाग राहिले तर बहुधा कापडाची धूळ. हातमोजे घाला, आणि तापमान ३० अंशांखाली ठेवा.

पुढं यात शिकायचं असेल तर कुठं जावं?

पाया इथंच होतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भौतिकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे. प्रकाशशास्त्र आणि घनअवस्था भौतिकी मन लावून करा, सेंद्रिय रसायनशास्त्राकडं पाठ फिरवू नका. द्रवस्फटिकांसाठी देशात बेंगळुरूचं नाव आधी येतं. तिथल्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी १९७७ मध्ये थाळीच्या आकाराच्या रेणूंचाही द्रवस्फटिक होतो हे दाखवलं. तोवर सगळे लांबट रेणूच धरून बसले होते. त्या थाळ्या एकावर एक चढून खांब होतात आणि खांबातून वीज चांगली वाहते, म्हणून प्रकाश देणाऱ्या उपकरणांतही त्यांचा विचार होतो. चंद्रशेखर यांनीच पुढं द्रवस्फटिक संशोधन केंद्र उभं केलं, आज ते नॅनो आणि मृदू पदार्थ विज्ञान केंद्र म्हणून काम करतं. मुंबईहून बेंगळुरूला जाणारी उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. उन्हाळी प्रकल्पाची पत्रं डिसेंबर-जानेवारीतच पाठवायला लागा. पत्रात ‘मला द्रवस्फटिकांची आवड आहे’ एवढंच लिहू नका, स्वतः घासून केलेल्या सेलचा फोटो आणि त्याचं तापमान जोडा.